दिलेला विषय आणि आपली चौकट

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या आपल्या धर्मग्रामांत अलीकडे तरुण मंडळींच्या तोंडी एक नवा प्रश्न रुळू लागला आहे. मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या आवारात रेंगाळत असता एक जण विचारतो, "या महिन्याचा विषय काय?" आणि दुसरा एका शब्दात उत्तर देतो : "दार", "पाणी", "हात", "वाट". ज्यांना यातले काही ठाऊक नाही अशा वडीलधाऱ्यांना हे कोडेच वाटते. एका गृहस्थांनी या सदराकडे विचारणा केली आहे की, आपला मुलगा रविवारची दुपार दारांची छायाचित्रे काढीत शहरभर हिंडण्यात घालवतो. यास छंद म्हणावे की रिकामपणाचा उद्योग? प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा त्याचा विचार सावकाशीने करू.

प्रकार असा आहे. हौशी छायाचित्रकारांचे एखादे मंडळ, एखादी संस्था किंवा नुसती मित्रमंडळी एक विषय जाहीर करते व मुदत ठरवून देते. त्या मुदतीत त्या विषयावर स्वतः छायाचित्र काढायचे आणि पाठवायचे. जुन्या संग्रहातले चित्र बहुधा चालत नाही. ते त्या मुदतीतच काढलेले असावे लागते. चांगल्या ठिकाणी परीक्षकांना काढणाराचे नाव कळू देत नाहीत. बक्षीस असले तर लहानसे असते, आणि पुष्कळदा नसतेच. पूर्वी या हौसेला कॅमेरा, फिल्मचा रोल, अंधारखोली आणि बऱ्यापैकी पैसा लागे. आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा असल्याने गरिबाघरच्या मुलालाही ही वाट मोकळी झाली आहे.

आता कोणी म्हणेल की, चित्र काढायचे तर मनास येईल ते काढावे, दुसऱ्याने दिलेला विषय कशाला? वास्तविक आपल्या परंपरेला ही गोष्ट मुळीच नवी नाही. जुन्या राजसभांतून समस्यापूर्तीचा खेळ चाले. श्लोकाचा एक चरण दिलेला असे. उरलेले तीन कवीने असे रचायचे की, दिलेला चरण त्यांतून सहज उगवल्यासारखा वाटावा. चरण जितका विचित्र तितका कवीचा कस लागे. आपल्या धर्मगुरूंचेही तसेच नाही काय? रविवारच्या प्रवचनाचा विषय ते स्वतःच्या आवडीने निवडीत नाहीत. १९६९ साली ठरलेल्या तीन वर्षांच्या वाचनक्रमानुसार त्या दिवसाचे शुभवर्तमान त्यांच्यापुढे आधीच येऊन ठेपलेले असते. ते त्यांना सोयीचे असो वा नसो, त्यावरच बोलावे लागते. मनास येईल त्यावर बोलण्याची मुभा असती तर आपणांस वर्षभर तीच चार प्रवचने ऐकावी लागली असती, असे म्हणण्याचे धाडस करतो. आमच्या फादरांनी राग मानू नये.

मनास येईल ते टिपणारा छायाचित्रकारही अखेर तेच तेच टिपतो : सूर्यास्त, फुलावरचे पाखरू, स्वतःचा चेहरा. दिलेला विषय त्याला त्याच्या सवयीबाहेर ओढून काढतो.

वर म्हटलेल्या "दार" या विषयाचेच पाहा. विषय कळताच दहांतील सात जण बेळगावच्या किल्ल्याच्या वेशीकडे धाव घेतात. वेस भव्य आहे, दगड देखणा आहे, सकाळी ऊनही बरे मिळते. परंतु सातही चित्रे एकसारखी येतात. आठवडा उलटला म्हणजे मन थोडे खोल जाऊ लागते. मग कोणाच्या लक्षात येते की, आपल्या घराच्या मागल्या दाराला आजीच्या हाताचा काळपट डाग पडला आहे, कारण चाळीस वर्षे ती त्याच जागी हात टेकून उंबरठा ओलांडीत आली. कोणाला चर्चचे ते बाजूचे अरुंद दार आठवते, ज्यातून उशिरा आलेली माणसे मान खाली घालून आत शिरतात. निपाणीतील एका मुलाने तंबाखूच्या वखारीचे दार टिपले. वखारीला मालमोटार आत जाईल एवढा मोठा दरवाजा असतो आणि त्याच्याच एका फळीत माणसाने वाकून जावे असे लहान दार असते. त्याला आपण दिंडी दरवाजा म्हणतो. मुलाने मोठा दरवाजा बंद ठेवून उघडी दिंडी तेवढी दाखवली, आणि तिच्या उंबरठ्यावर एक जेवणाचा डबा. माणूस एकही नाही. परंतु त्या वखारीत मालाची वाट कोणती आणि कामकरणीची कोणती, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. हे चित्र "तंबाखूचा धंदा" असा विषय दिला असता तर त्याला सुचले असते काय, याची मला शंका आहे. "दार" म्हटल्यामुळे ते सापडले.

आपल्या या भागाला विषयांचा तुटवडा नाही. "वाफ" म्हटले की हिवाळ्यातील गुऱ्हाळघर आहे. चुलवाणात जाळ धडधडत असतो, काहिलीतला रस उकळत असतो, गुळव्या डोळे बारीक करून पाक पाहत असतो आणि पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप त्या वाफेत उभी राहते. तिथे साध्या फोनवरही चित्र उत्तम येते. मात्र जाळ चौकटीत घेऊ नये, नाहीतर बाकी सारे काळे पडते. "पाणी" म्हटले की गोकाकचा धबधबा सर्वांना आठवतो. पण बेळगावात टिळकवाडीला काँग्रेस विहीर आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते बापूंचे एकमेव अध्यक्षपद. त्या वेळी जमणाऱ्या लोकांना पाणी मिळावे म्हणून ती खणली. "कमळ" म्हटले तर तळ्यावर जाण्याची आवश्यकताच नाही. किल्ल्यातील कमल बस्ती या १२०४ सालच्या जैन मंदिराच्या छतात दगडी कमळ उमललेले आहे, आणि ते पाहण्यास मान वर करावी लागते एवढाच काय तो त्रास.

"सीमा" हा विषय आपल्याकडे दिला तर काय होईल, याची मात्र धास्ती वाटणे साहजिक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून हा शब्द या भागात केवळ भूगोलाचा राहिलेला नाही. १९६६ साली महाजन आयोग बसला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. घराघरांत यावर मते आहेत व ती ठाम आहेत. म्हणून काही मंडळांनी हा विषय टाळणेच पसंत केले. मला ते पटत नाही. निपाणीचे विद्यार्थी देवचंद महाविद्यालयात जातात, ते कॉलेज अर्जुननगरला म्हणजे महाराष्ट्रात आहे. गाव एका राज्यात, वर्ग दुसऱ्या राज्यात. सायकलवरून रोज सीमा ओलांडणाऱ्या पोराच्या पाठीवरच्या दप्तराचे छायाचित्र कोणाच्याही भावना दुखावीत नाही आणि तरीही खरे बोलते. तसेच आपल्या बेळगावच्या चर्चच्या फलकावरचे मिस्सांचे वेळापत्रक. कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा भाषांची नावे एकाखाली एक लिहिलेली असतात आणि त्या फलकापुढे उभी असलेली म्हातारी कोणत्या ओळीवर बोट ठेवते ते पाहावे. भांडणाचे चित्र काढणे सोपे, कारण भांडण आपण होऊन कॅमेऱ्यापुढे येते. शेजाराचे चित्र शोधावे लागते.

या हौसेला जगभर केवढे रूप आले आहे, हेही आपल्या वाचकांनी जाणून घ्यावे. २०१० साली नेदरलँड्समध्ये विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाच्या स्वयंसेवकांनी एक स्पर्धा काढली. विषय एकच : आपल्या देशातील ऐतिहासिक वास्तू. "विकी लव्हज मॉन्युमेंट्स" असे तिचे नाव. पुढच्याच वर्षी ती युरोपभर पसरली व १,६८,२०८ छायाचित्रे आली. जगातील सर्वांत मोठी छायाचित्र स्पर्धा म्हणून गिनेसच्या ग्रंथात तिची नोंद झाली. बहुतेक देशांत ती सप्टेंबरात भरते. प्रत्येक देशाचे परीक्षक आपली सर्वोत्तम दहापर्यंत चित्रे निवडतात आणि मग साऱ्या देशांच्या चित्रांतून जागतिक क्रम लागतो. २०१२ साली दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या चित्राला जगात पहिला क्रमांक मिळाला. आणि २०१७ साली जगात जे पहिले आले ते आपल्या जेजुरीच्या खंडोबाच्या देवळाचे छायाचित्र होय. देवळातील भक्तमंडळी एकमेकांवर भंडारा उधळीत आहेत, असे ते चित्र आहे. जेजुरीची तळी आणि येळकोट या गोष्टी ज्या देशांत कोणी ऐकलेल्याही नाहीत, तिथल्या परीक्षकांनीही ती हळदीची पिवळाई पाहिली आणि थांबले. लाखांच्या राशीतून एका मराठी देवस्थानाचे चित्र वर यावे याचा आनंद धर्माच्या भिंतींनी अडत नाही.

या स्पर्धेत एक अट असते, ती मात्र नीट समजून घ्यावी. पाठवलेले चित्र मुक्त परवान्याखाली द्यावे लागते. म्हणजे काढणाराचे नाव राहते, पण कोणीही ते वापरू शकतो. शाळेचे पुस्तक छापणारा तसा कॅलेंडर विकणाराही. एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही. इमारतींच्या चित्रांना याची अडचण नाही. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमाने इमारती आणि सार्वजनिक जागी कायम असलेली शिल्पे यांचे छायाचित्र काढण्यास मुभा ठेवली आहे. परंतु शेजारच्या घरातील मुलीचा चेहरा मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? याचा विचार काढण्याच्या वेळीच करावा. बेळगावकरांना दुसरीही एक सूचना : कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. लष्करी हद्दीत जेथे मनाईचा फलक आहे तेथे कॅमेरा म्यानातच शोभतो. पहारेकऱ्याशी हुज्जत घालून मिळवलेले चित्र कोणत्याही विषयात बसत नाही.

हौशी माणसाच्या हातून काय घडू शकते याची दोन उदाहरणे आपल्या ख्रिस्तसभेच्याच इतिहासात आहेत. दोघांनाही विषय दिलेला होता.

पहिले सेकोंदो पिया यांचे. इटलीतील तुरीन शहरी ते वकिली करीत. छायाचित्रण ही त्यांची निव्वळ हौस. १८९८ साली तुरीनच्या प्रधान मंदिरात ते प्रसिद्ध प्रेतवस्त्र दर्शनास ठेवले होते, ज्यात प्रभू येशूचे शरीर गुंडाळले होते अशी अनेकांची श्रद्धा आहे. त्याचे छायाचित्र तोवर कोणी काढले नव्हते. वस्त्र राजघराण्याच्या मालकीचे असल्याने राजे उंबेर्तो यांची अनुज्ञा घ्यावी लागली, आणि काम पियांवर सोपवले गेले. २५ मेच्या प्रयत्नात विजेच्या दिव्यांच्या उष्णतेने पुढल्या काचा तडकल्या. २८ मेच्या रात्री त्यांनी पुन्हा मोठ्या काचेच्या पट्ट्या उजळवल्या आणि घरी जाऊन त्या अंधारखोलीत धुतल्या. वस्त्रावर डोळ्यांना जे दिसते ते पुसट तपकिरी डागांसारखे असते. काचेवरच्या उलट्या प्रतिमेत, जिथे उजळ ते काळे व काळे ते उजळ होते, तिथे एका मनुष्याचा गंभीर, मिटल्या डोळ्यांचा चेहरा स्पष्ट उमटू लागला. ती काच हातातून निसटते की काय असे झाले, असे त्यांनी पुढे सांगितले. पुष्कळांनी त्यांच्यावर लबाडीचा आळ घेतला. तो आळ त्यांनी तेहेतीस वर्षे सोसला. १९३१ साली जुझेप्पे एन्री या व्यावसायिक छायाचित्रकाराने नव्याने छायाचित्रे घेतली, तेव्हा वृद्ध पिया तेथे हजर होते. चेहरा पुन्हा तसाच उमटला. वस्त्राच्या प्राचीनत्वाविषयी वाद आहे. १९८८ च्या कार्बन चाचणीने त्याचा काळ १२६० ते १३९० असा सांगितला, आणि ख्रिस्तसभेने त्याच्या खरेपणाविषयी निर्णय दिलेला नाही. आपला मुद्दा निराळा आहे. शतकानुशतके हजारो डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूत जे कोणाला दिसले नाही, ते एका हौशी वकिलाच्या काचेला दिसले.

दुसरे उदाहरण आयर्लंडचे फादर फ्रान्सिस ब्राऊन, येशूसंघीय. १८९७ साली शाळा संपल्यावर त्यांच्या चुलत्याने, जे बिशप होते, त्यांना कॅमेरा भेट दिला. एप्रिल १९१२ मध्ये त्याच चुलत्याने "टायटॅनिक" जहाजाच्या पहिल्या सफरीचे तिकीट दिले. साउदॅम्प्टनहून शेरबोर्गवरून आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरापर्यंतचे. ब्राऊन तेव्हा धर्मगुरू झालेले नव्हते, ईशज्ञानाचे विद्यार्थी होते. जहाजावर एका श्रीमंत अमेरिकन जोडप्याने त्यांचा न्यूयॉर्कपर्यंतचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. त्यांनी तारेने वरिष्ठांची परवानगी मागितली. वरिष्ठांनी तार केली की, जहाजातून उतरावे. ते उतरले. त्यांच्या पेटीत त्या जहाजावरील जीवनाची जी छायाचित्रे होती, ती काही दिवसांतच साऱ्या जगाच्या वृत्तपत्रांत झळकली. पहिल्या महायुद्धात ते सैन्याचे धर्मगुरू होते. १९६० साली ते वारले आणि त्यांची ट्रंक तशीच पडून राहिली. १९८५ मध्ये ती उघडली तेव्हा आत सुमारे ४२,००० निगेटिव्ह निघाल्या. आयुष्यभर संघ पाठवील तिथे जायचे, सांगेल ते काम करायचे आणि वाटेत दिसेल ते टिपायचे, असा त्यांचा क्रम होता. स्वतःसाठी विषय निवडण्यास त्यांना फारशी सवड मिळालेली दिसत नाही.

आता जो भाग मला या पत्राच्या वाचकांपुढे मुद्दाम ठेवायचा आहे त्याकडे वळतो. "श्रम" हा विषय स्पर्धांतून वारंवार येतो, आणि तो आला की निपाणी-चिकोडीकडच्या मुलांचे पाय तंबाखूच्या वखारीकडे आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या ओट्याकडे वळतात. सुरकुतलेले चेहरे, सुपातली तंबाखू, टेंभुर्णीच्या पानांचा ढीग, दारातून येणारा तिरपा उजेड. परीक्षकांना असे चित्र आवडते, हे मुलांना ठाऊक झाले आहे. परंतु निपाणीच्या या स्त्रिया कोणाच्या चित्रासाठी बसून राहिलेल्या नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी संघटना बांधली, संप केले, मजुरीसाठी आणि माणसासारख्या वागणुकीसाठी झगडल्या. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगलोर रस्त्यावर ठाण मांडून बसले व पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले, तोही याच निपाणीचा इतिहास. १९८२ साली दीपा धनराज, अभा भैया, मीरा राव व छायाचित्रकार नवरोज काँट्रॅक्टर यांच्या "युगांतर" गटाने या कामगार स्त्रियांवर "तंबाखू चाकीला ऊब आली" हा लघुपट केला. त्या गटाने आधी काही महिने स्त्रियांत राहून त्यांचे ऐकून घेतले आणि मग कॅमेरा उघडला. क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आपल्यातील एक मुलगी "श्रम" या विषयासाठी अशाच एका विडी वळणाऱ्या बाईंकडे गेली होती. ती म्हणाली, "मावशी, तुमचा एक फोटो काढू का?" मावशी म्हणाल्या, "काढ की गं. पर त्वांड नगं. हातच काढ." मुलीने का म्हणून विचारले. चेहरा माझा आहे, तो कोणाच्या भिंतीवर कशाला, अशा अर्थाचे काही त्या बोलल्या. हात काय, सगळ्याच बायकांचे तसेच असतात. मुलीने हातांचे चित्र घेतले. पान कापण्याची कात्री, बोटांवर दोऱ्याने पडलेले वळ, नखांत बसलेली तंबाखू. निघताना मावशींनी तिला थांबवले आणि आत जाऊन धुवट लुगडे नेसून आल्या. त्यांना विडी कामगाराचे ओळखपत्र करायचे होते, आणि त्यासाठी दोन छायाचित्रे लागत होती. १९७६ च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाना व मुलांची शिष्यवृत्ती मिळते, पण ओळखपत्र नसेल तर कचेरीत कोणी दाद देत नाही. मुलीने भिंतीशी पांढरी चादर लावून त्यांचे दोन सरळ, साधे, समोरून चेहरा दाखवणारे फोटो काढले व गावातून छापून आणून दिले. हातांच्या चित्राला स्पर्धेत क्रमांक मिळाला नाही. ओळखपत्र झाले, आणि धाकट्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्जही त्यावर गेला.

क्रुसाच्या वाटेच्या सहाव्या स्थानापाशी आपण वेरोनिकेचे स्मरण करतो. शुभवर्तमानांत तिचे नाव नाही, ती परंपरेने आपल्याकडे आली आहे, आणि छायाचित्रकारांची ती आश्रयदाती मानली जाते. तिच्या वस्त्रावर प्रभूचा चेहरा उमटला म्हणून तसे मानतात. परंतु ती वस्त्र घेऊन पुढे सरसावली ती चेहरा मिळवण्यासाठी नव्हे. रक्त आणि घाम पुसण्यासाठी ती गेली होती.

चर्चमध्ये छायाचित्रे काढण्याविषयी थोडक्यात, कारण तक्रारी सर्वांच्या कानी आहेत. "प्रकाश" हा विषय असला की पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री पास्काची मेणबत्ती अंधाऱ्या मंदिरात येते, त्या क्षणी पन्नास फोन वर होतात आणि त्या एका ज्योतीचा अंधार पन्नास पडद्यांनी नासून जातो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ नोव्हेंबर २०१७ च्या सार्वजनिक भेटीत हेच सांगितले होते : मिस्सेत धर्मगुरू अंतःकरणे उंचावण्यास सांगतात, फोन उंचावण्यास नव्हे, आणि काही धर्मगुरू व बिशपही तसे करतात याचे त्यांना वाईट वाटले. ज्याला विषयासाठी चित्र हवेच आहे त्याने शनिवारी दुपारी यावे. मेणबत्त्यांच्या ठाणवया घासणारे मेस्त, वेदीवरची चादर इस्त्री करणाऱ्या भगिनी, गायनवृंदाच्या माळ्यावर धुळीत पडलेली किरणे, हे सारे तेव्हा असते आणि कोणाच्या भक्तीत विघ्न येत नाही. लग्नाच्या वेळी वधू आणि वेदी यांच्यामध्ये पाठ करून उभे राहणाऱ्या भाडोत्री छायाचित्रकारांविषयी काही लिहीत नाही. ते हौशी नव्हेत आणि हे सदर हौशी लोकांसाठी आहे.

ज्यांच्यापाशी फोनही नाही किंवा ज्यांनी मुलांच्या हातात तो द्यायचा नाही असे ठरवले आहे, त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती. २००१ पासून दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर सूचिछिद्र छायाचित्रणाचा दिवस पाळतात. भिंग नाही, बटण नाही. त्या दिवशी नुसत्या भोकातून चित्र काढायचे. चहाचा किंवा तपकिरीचा झाकणाचा पत्र्याचा डबा घ्यावा, आतून काळा रंग द्यावा, एका बाजूस बारीक सुईने छिद्र पाडून त्यावर काळी चिकटपट्टी लावावी. डब्याची खोली दहा सेंटिमीटर असेल तर छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून किंचित लहान असावे. अंधारात, तांबड्या दिव्याखाली, समोरच्या बाजूस छायाचित्राचा कागद बसवावा. मग कडक उन्हात डबा दगडावर ठेवून पट्टी काढावी आणि अर्धा ते दोन मिनिटे तसाच राहू द्यावा. हा वेळ प्रणाम मारियेच्या प्रार्थना म्हणून मोजावा, घड्याळ लागत नाही. रस्त्यावरून जाणारी माणसे त्या कागदावर उमटत नाहीत. फक्त स्थिर असलेले उमटते. मुले हे पाहून अवाक होतात.

स्पर्धांत बहुतेकदा आपला क्रमांक लागत नाही, हे आईबापांनी मुलांना आधीच सांगून ठेवावे. मित्रांना मते द्यावयास लावून वर येणारे चित्र आणि परीक्षकाने निवडलेले चित्र यांत फरक आहे, तोही सांगावा. काही स्पर्धा प्रवेशशुल्क गोळा करण्यासाठीच निघतात. काहींच्या नियमांत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, पाठवलेले प्रत्येक चित्र, जिंको वा हरो, आयोजकांच्या मालकीचे होईल. असले नियम वाचले की कॅमेरा बंद करून उठावे. सभ्य मार्गाने ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी १९५३ साली स्थापन झालेला भारतीय छायाचित्रण महासंघ आहे. १९५० सालच्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी तो संलग्न आहे, आणि त्यांच्या मान्यतेच्या प्रदर्शनांत नियम स्पष्ट असतात. निसर्गाच्या विभागात चित्रात नंतर काही घालणे वा काढणे चालत नाही, एवढे त्यांच्याकडून शिकले तरी पुष्कळ.

येत्या सप्टेंबरात वास्तूंच्या स्पर्धेसाठी आमच्याकडची काही मुले हलशीला जाणार आहेत. खानापूरहून नंदगडमार्गे रस्ता आहे. गोव्याच्या कदंबांच्या काळचे भूवराह नरसिंहाचे मंदिर तेथे आहे. आत दोन गाभारे समोरासमोर आहेत, म्हणून एकाकडे पाहताना दुसऱ्याकडे पाठ होते, आणि चौकट कशी धरावी हाच तेथला खरा प्रश्न. पावसाळ्यात आत अंधार असतो. फोन खांबाला टेकवून धरावा, श्वास रोखावा, पुजाऱ्यांना आधी विचारावे, आणि भिजलेल्या चपला बाहेर ठेवाव्यात. कोरडे फडके न्यावे, भिंगावर दव बसते. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी पहिल्या रविवारी आठच्या मिस्सेनंतर आवारातल्या चिंचेखाली जमावे. डबा आपापला आणावा.